पीनियलचा निरोप मानेतून जातो

सीटी स्कॅनच्या रिपोर्टात ‘पीनियल कॅल्सिफिकेशन’ असे शब्द दिसले, की इंदूरपासून पुण्यापर्यंत नातेवाइकांची फोनाफोनी सुरू होते. बहुतेक वेळा घाबरण्यासारखे काही नसते. पीनियल ही मेंदूतली एक छोटी ग्रंथी; वयानुसार तिच्यात कॅल्शियमचे कण साचतात, आणि पुष्कळ प्रौढांमध्ये ते दिसतात. सीटी स्कॅन येण्याआधी डॉक्टर कवटीच्या साध्या एक्स-रेत हाच पांढरा ठिपका शोधत. तो मध्यरेषेवरून सरकलेला दिसला, तर आत गाठ किंवा रक्तस्राव असल्याची शंका घेत.

ही ग्रंथी एपिथॅलॅमसचा एक भाग आहे. थॅलॅमसच्या मागे, मेंदूतल्या तिसऱ्या पोकळीच्या छताशी हा चिमुकला प्रदेश सापडतो. पीनियल मधोमध एकटीच असते, लांबी 5 ते 8 मिलिमीटर. तिच्या किंचित पुढे डावीउजवीकडे एकेक हॅबेन्युला (चेतापेशींचा छोटा पुंजका) असते. मेंदूच्या पुढच्या भागातले निरोप स्ट्रिया मेड्युलारिस नावाचा तंतूंचा पट्टा हॅबेन्युलांपर्यंत आणतो.

पीनियल अंधारात मेलाटोनिन, म्हणजे रात्र झाल्याचे शरीराला कळवणारे संप्रेरक, बनवते. ते 1958 मध्ये संशोधक ॲरन लर्नर यांनी गुरांच्या पीनियल ग्रंथींतून वेगळे केले. बेडूक आणि सरड्यांच्या पीनियलला उजेड थेट कळतो; आपल्या पीनियलला कळत नाही, तेव्हा ‘तिसऱ्या डोळ्या’च्या गप्पा बेतानेच घ्याव्यात. रात्री बाराला इंदूरच्या सराफ्यात, रात्रीच्या खाऊबाजारात, दिव्यांच्या झगमगाटात तुम्ही उभे असता, तेव्हा डोळ्याच्या पडद्यातल्या मेलानॉप्सिन असलेल्या पेशी तो उजेड टिपतात. सुमारे 480 नॅनोमीटरचा निळा प्रकाश त्यांना सर्वांत जास्त जाणवतो. तिथून निरोप मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमसमध्ये असलेल्या शरीराच्या घड्याळाकडे, मग पाठीच्या कण्यातून छातीच्या वरच्या भागापर्यंत खाली, तिथून मानेतल्या गँग्लिऑनमध्ये (चेतापेशींच्या पुंजक्यात) आणि रक्तवाहिन्यांच्या सोबतीने पुन्हा वर कवटीत जातो. अंधार असेल तर या वाटेच्या शेवटी, पीनियलमध्ये, नॉरएड्रेनलिन हे निरोप देणारे रसायन सुटते आणि सेरोटोनिनपासून मेलाटोनिन बनू लागते. झगझगीत उजेडात हे काम थंडावते.

एवढ्या लांबच्या वळशामुळे बिघाडही अनपेक्षित जागी होतो. मानेतला मज्जारज्जू पूर्ण तुटला, तर डोळे आणि ग्रंथी दोन्ही धडधाकट असूनही मेलाटोनिनची रात्रीची भरती येत नाही. ब्लडप्रेशरसाठीच्या काही बीटा ब्लॉकर गोळ्याही पीनियलवरचा नॉरएड्रेनलिनचा परिणाम अडवतात, त्यामुळे काहींची झोप बिघडते. अशा वेळी गोळी आपल्या मनाने बंद करू नये, डॉक्टरांना सांगावे.

नाव पीनियलचे झाले असले, तरी मला हॅबेन्युला जास्त रंजक वाटते. तिचा बाहेरचा भाग अपेक्षाभंगाची नोंद ठेवतो. थंडीत गराडू (तळलेला कंद) खायला सराफ्यात पोहोचावे आणि कढईवाल्याने ‘संपले’ म्हणावे, नेमक्या अशा क्षणी त्याच्या पेशी जोरात काम करू लागतात आणि मधल्या एका केंद्रामार्फत बक्षिसाची ओढ लावणाऱ्या डोपामिनच्या पेशींना गप्प करतात. माकडांवरच्या प्रयोगात 2007 मध्ये हे स्पष्ट दिसले: ठरलेले बक्षीस मिळणार नाही असे कळताच या पेशी चेतवल्या गेल्या. हाच भाग सतत चेतलेला राहण्याचा नैराश्याशी संबंध असावा, असे प्राण्यांवरचे प्रयोग सुचवतात. हॅबेन्युलाच्या आतल्या भागात निकोटिनचे रिसेप्टर (निकोटिन पकडणारे रेणू) दाटीने असतात. तंबाखूचे पाउच सोडल्यावर होणारी तगमग अंशतः इथूनच येते, असे उंदरांवरच्या अभ्यासांवरून दिसते.

पीनियलच्या गाठी विरळा आढळतात, पण ग्रंथीखालीच मध्यमेंदू आणि त्यातली पाण्याची अरुंद वाट असल्याने त्या लवकर जाणवतात. वाट दबली की मेंदूत पाणी साचते. सकाळी डोके दुखते, उलट्या होतात. मध्यमेंदूवर दाब आला, तर नजर वर नेता येत नाही. डोके न हलवता छताकडे बघता येईनासे झाले, तर चष्म्याचा नंबर तपासत बसू नका, न्यूरोलॉजिस्टकडे जा.