मेलेल्या जिवाणूंनी भागेना, म्हणून प्रथिन

माशांना लस देण्याचा प्रयत्न वाटतो त्याहून जुना आहे. कॅनडात डेव्हिड डफ यांनी १९४२ मध्ये क्लोरोफॉर्मने मारलेले जिवाणू ट्राउट माशांना खाद्यातून चारले आणि फुरुन्क्युलोसिस या जिवाणूजन्य रोगामुळे होणारी मर कमी करून दाखवली. पण सल्फा औषधे आणि पाठोपाठ प्रतिजैविके आली, आणि लस मागे पडली. अमेरिकेत पहिला परवाना मिळाला तो थेट १९७६ मध्ये, ट्राउटच्या ‘लाल तोंड’ रोगावरच्या लसीला. तिला सुईही लागत नसे. पिल्ले लसीच्या पाण्यात थोडा वेळ बुडवली की झाले.

खरी कसोटी नॉर्वेत लागली. १९८५ मध्ये स्कॉटलंडहून आणलेल्या सामन माशांच्या पिल्लांबरोबर फुरुन्क्युलोसिस तिथल्या मत्स्यशेतांत शिरला. १९८७ मध्ये प्रतिजैविकांचा वापर पन्नास टनांच्या आसपास गेला. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तेलमिश्रित लस पोटात टोचायला लागल्यावर हा वापर काही वर्षांत कोसळला, उत्पादन मात्र वाढतच राहिले. किंमत माशाने मोजली: तेलामुळे पोटातले अवयव एकमेकांना चिकटतात.

मेलेल्या अख्ख्या जिवाणूंची इतकी स्वस्त लस चालत असताना, लसीसाठी जिवाणूच्या एकेका प्रथिनाच्या मागे लागायचे कशाला? कारण ती सगळीकडे चालत नाही. व्हिब्रिओ या जिवाणूविरुद्धचे संरक्षण मुख्यतः त्याच्या आवरणातल्या लिपोपॉलिसॅकराइड या साखर-मेदाच्या रेणूमुळे मिळते, आणि तो रेणू प्रकारागणिक बदलतो. बाह्यपटलातली काही प्रथिने त्या मानाने कमी बदलतात. पेशीत घुसून राहणाऱ्या जिवाणूंची गोष्ट आणखी अवघड. चिलीत १९८९ मध्ये कोहो सामन मारणारा पिसिरिकेट्सिया हा जिवाणू सुरुवातीची बरीच वर्षे माशांच्या पेशींतच वाढवावा लागे. त्यातून लाखो मात्रांची लस बनवणे परवडणारे नव्हते.

त्यामुळे त्याचे एक जनुक ई. कोलाय या सहज वाढणाऱ्या जिवाणूमध्ये घालून प्रथिन काढण्याचा मार्ग पुढे आला. त्याच्या ओस्पए या प्रथिनावरचा प्रयोग २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात धनुर्वाताच्या विषाचे आणि गोवराच्या विषाणूचे छोटे तुकडे जोडल्यावर संरक्षण जवळपास तिप्पट झाले. माणसाच्या लसीकरणातून उचललेले हे तुकडे माशातही उपयोगी पडावेत, हे मला या इतिहासातले सर्वांत मजेशीर वळण वाटते.

प्रयोगशाळेबाहेर मात्र अडचणी साध्याच आहेत. ई. कोलायमध्ये असे प्रथिन अनेकदा न विरघळणाऱ्या गोळ्यांत साचते. ते युरियात सोडवून पुन्हा नीट घडी घालावी लागते, आणि मासा विकायचा असल्याने मात्रेचा खर्च किरकोळच हवा. शिवाय शुद्ध प्रथिनाला एकट्याने प्रतिसाद कमजोर मिळतो. म्हणून त्यालाही बहुधा त्याच तेलात मिसळून पोटात टोचावे लागते.