सीएचरूट

सीएचरूट : युनिक्स व तिच्या वंशातील ऑपरेटिंग सिस्टिममधला एक सिस्टिम कॉल (प्रोग्रॅमने ऑपरेटिंग सिस्टिमकडे केलेली मागणी), तसेच त्याच नावाची आज्ञा. याने एखाद्या प्रक्रियेची व तिच्या अपत्य-प्रक्रियांची मूळ डिरेक्टरी बदलते. तिच्या वरच्या फाइली त्या प्रक्रियेला मार्ग देऊन उघडता येत नाहीत. वेब, डीएनएस (नावांवरून पत्ते शोधणारी सेवा), एफटीपी (फाइलींची ने-आण करणारी सेवा) यांसारख्या सेवा अशा कोंडवाड्यात चालवतात, म्हणजे सेवेतील दोषातून आत शिरलेल्याच्या हाती बाकीचे यंत्र सहजी लागत नाही.

उगमाबाबत मतभेद आहेत. बीएसडी या बर्कली विद्यापीठातील युनिक्सच्या एससीसीएस नोंदींनुसार (स्रोतातील बदलांची नोंदवही) तिचे एक रचनाकार बिल जॉय यांनी हा कॉल १८ मार्च १९८२ रोजी, म्हणजे ४.२बीएसडीच्या सुमारे दीड वर्ष आधी घातला. यावरून त्याचे जनकत्व अनेकदा त्यांना दिले जाते. परंतु युनिक्सच्या सातव्या आवृत्तीच्या (१९७९) मॅन्युअलात डिरेक्टरी बदलण्याच्या कॉलच्या पानावरच सीएचरूटचेही वर्णन आहे. तेव्हा १९८२ हे साल फार तर बीएसडीतील प्रवेशाचे मानावे. बीएसडीचेच विकासक मार्शल कर्क मॅक्क्युझिक यांच्या अंदाजाप्रमाणे, नवी सिस्टिम तिच्याच झाडातील फाइली वापरून बांधता यावी एवढाच जॉय यांचा हेतू होता. एफटीपी बीएसडीच्या स्रोतात जानेवारी १९८३ मध्ये आले, हे पाहता सुरक्षेसाठीचा वापर मागाहूनचा असावा. बेल लॅब्जमधील बिल चेसविक यांनी १९९१ मध्ये एका घुसखोराला अशाच बनावट परिसरात खेळवत ठेवले. ‘जेल’ हा शब्द तेथपासून रूढ झाला असे सामान्यतः सांगतात.

कोंडवाड्यात सेवेला लागेल तेवढेच ठेवायचे : तिचा प्रोग्रॅम, त्याला लागणारी लायब्ररी, नल उपकरण (त्यात लिहिलेले सारे टाकून देणारी फाइल), कालक्षेत्राची फाइल, छाटलेली पासवर्ड फाइल. शेल (आज्ञा चालवणारा प्रोग्रॅम) ठेवत नाहीत. त्यामुळे शेलमार्फत टपाल धाडणारे वेब प्रोग्रॅम आत अडतात; नावे सोडवण्याची फाइल आत न्यायची राहिली तर डीएनएस चालत नाही; लॉगसाठी (नोंदी पाठवण्यासाठी) आत वेगळे सॉकेट, म्हणजे संपर्काचे टोक, उघडून द्यावे लागते. सगळे स्टॅटिक बांधले, म्हणजे लायब्ररी प्रोग्रॅममध्येच मिसळल्या, तर त्या वेगळ्या ठेवाव्या लागत नाहीत, पण दुरुस्ती आली की प्रोग्रॅम पुन्हा बांधणे आले.

रूट (सर्वाधिकारी वापरकर्ता) याचे अधिकार असलेल्या प्रक्रियेला सीएचरूट रोखू शकत नाही. ती आत नवी डिरेक्टरी करून तिच्यावर पुन्हा सीएचरूट करते, स्वतःची चालू डिरेक्टरी मात्र तिथे नेत नाही. चालू डिरेक्टरी अशी नव्या मुळाबाहेर राहिली की दोन टिंबांनी (वरच्या डिरेक्टरीची खूण) वर चढत खऱ्या मुळाशी पोहोचता येते. लिनक्सवर ही युक्ती सर्वश्रुत आहे. आधीपासून उघडी राहिलेली डिरेक्टरीही तेवढीच घातक. म्हणून आत जाऊन डिरेक्टरी बदलायची व लगेच रूट अधिकार सोडायचे, हा क्रम सीएचरूटइतकाच महत्त्वाचा. प्रत्यक्षात चूक बहुधा याच ठिकाणी होते. शिवाय कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) सामाईकच राहतो आणि नेटवर्कवर कोणतेच बंधन येत नाही.

ही उणीव भरून काढण्यासाठी पॉल-हेनिंग कँप यांनी फ्रीबीएसडीत जेल ही सोय केली (आवृत्ती ४.०, मार्च २०००). तीत आतला रूटही मर्यादित असतो आणि मूळ रचनेत प्रत्येक जेलला एकच आयपी पत्ता मिळे. ओपनबीएसडीने नोव्हेंबर २००२ मधील ३.२ आवृत्तीपासून अपाची सर्व्हर मुळातच कोंडून द्यायला सुरुवात केली. दूरच्या यंत्रावर सुरक्षित प्रवेश देणाऱ्या ओपनएसएसएचमध्ये त्याच वर्षी अधिकार-विभाजन (कमी अधिकारांच्या वेगळ्या प्रक्रियेत काम वाटणे) आले; ओळख पटण्यापूर्वीचे बोलणे चालवणारी प्रक्रिया तेव्हापासून एका रिकाम्या डिरेक्टरीत कोंडलेली असते. पुढे सोलॅरिस १० मधील झोन व लिनक्सचे नेमस्पेस (प्रक्रियांना यंत्राचे वेगवेगळे दर्शन देणाऱ्या सोयी) आले. प्रोग्रॅम त्यांच्या परिसरासह कोंडून चालवणारे डॉकर (२०१३) या नेमस्पेसवरच उभे आहे.