पेरणीचा निर्णय

खरीप हंगामात बियाणे नेमके कोणत्या दिवशी जमिनीत घालायचे, हे ठरवणे म्हणजे पेरणीचा निर्णय. महाराष्ट्रातील बहुतांश शेती पावसावर अवलंबून असल्याने कोरडवाहू शेतकऱ्याच्या वर्षात याहून मोठा निर्णय नाही. घाई केली आणि पावसाने ओढ दिली, की कोंब करपतात आणि दुबार पेरणीची वेळ येते. बियाणे, खत, ट्रॅक्टरचे भाडे सगळे पुन्हा, तेही बहुधा उसनवारीने. फार थांबले तर मूग-उडदाचा हंगाम हातचा जातो.

जुना आधार नक्षत्रांचा. रोहिणी २५ मेच्या सुमारास, मृग ७ किंवा ८ जूनला, आर्द्रा २१-२२ जूनला लागते. मृग साधला की पीक साधले, अशी जुन्या माणसांची धारणा. पावशा पक्ष्याची ‘पेरते व्हा’ ही साद याच दिवसांतली. पण नक्षत्र सूर्याच्या स्थितीवरून ठरते, पावसावरून नव्हे. म्हणून पंचांग पाहून झाल्यावर माती पाहणारा शेतकरी खरा जाणता.

माती पाहायची ती वाफशासाठी, म्हणजे पेरणीला लागते तेवढी, चिखल न होणारी ओल आहे का यासाठी. वळवाच्या एका जोरदार सरीने वरचा थर भिजतो, खाली ढेकळे कोरडीच राहतात. वरची ओल खालच्या ओलीला मिळाली पाहिजे. वीतभर खोल उकरून मूठभर माती घ्यायची आणि दाबायची. गोळा झाला आणि वरून सोडताच फुटला, तर वाफसा आहे. गोळा तसाच राहिला, बोटांना चिकटला, तर अजून थांबायचे. मुळीच वळला नाही, तर ओलच नाही. भारी काळ्या रानात ओल मुरायला जास्त पाऊस लागतो, मुरमाड रान लवकर भिजते आणि लवकर वाळतेही. त्यामुळे एकाच गावात दोघांचा पेरणीचा दिवस वेगळा असू शकतो. बांधापलीकडे पेरणी सुरू झाली म्हणून आपणही चाड्यावर (पाभरीच्या बी सोडायच्या तोंडावर) मूठ धरायची, यातून मोठे नुकसान होते. शिवारात ट्रॅक्टर आलाच आहे, मग उरकून घेऊ, हा मोह तर फारच मोठा.

७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नये, असा कृषी विभागाचा सल्ला असतो. हवामान विभागाचा कृषी सल्ला मंगळवारी व शुक्रवारी निघतो. त्यात पुढच्या पाच दिवसांचा अंदाज मिळतो. खानदेशातील कापसाची धूळपेरणी आणि कोकणातील भाताची धूळवाफ पेरणी मात्र पावसाआधीच होते.

थांबण्याचे दिवस रिकामे नसतात. घरच्या सोयाबीनचे १०० दाणे ओल्या गोणपाटात ओळीने मांडून गुंडाळी करून ठेवतात आणि सातव्या दिवशी कोंब मोजतात. ७० किंवा जास्त उगवले तर नेहमीचे प्रमाण, कमी उगवले तर बियाणे वाढवायचे.

पेरणीनंतर आठवड्याभरात दुसरा निर्णय समोर येतो: उगवलेले पीक मोडायचे की ठेवायचे? ४५ बाय ५ सेंटिमीटरवर पेरलेल्या सोयाबीनच्या एक मीटर ओळीत सुमारे २० रोपे हवीत. शेताच्या कडेला उभे राहून हे कळत नाही. पाच-सहा ठिकाणी बसून मोजावे लागते. थोडी तूट असेल तर नांग्या भरतात, म्हणजे रिकाम्या जागी पुन्हा बी लावतात, मोठ्या मोकळ्या जागी तूर टोकतात, आणि ओळीच्या ओळी रिकाम्या असतील तरच कुळव घालून पीक मोडतात.