रीलचे पैसे वेगळे, तोंडाचे पैसे वेगळे

महिन्याभरात हा प्रश्न मला चौथ्यांदा आलाय म्हणून आता एकदाच सगळं लिहून टाकतो. प्रश्न ठरलेला असतो, "भाऊ, ब्रँडवाले एका रीलचे दहा हजार म्हणायलेत, घेऊ का?" खाली त्यांच्या मेलचा स्क्रीनशॉट असतो, आणि त्या मेलात दहा हजाराच्या खाली एक गरीब बिचारी ओळ असते की सदर कंटेंट कंपनी सर्व माध्यमांत जाहिरातीसाठी वापरू शकेल. ती ओळ कुणीच वाचत नाही. वाचली तरी वाटतं की बरंय की, आपलंच नाव होईल.

अरे बाबांनो, त्यांनी दोन वस्तू मागितल्यात आणि भाव एकाच वस्तूचा सांगितलाय.

पहिली वस्तू म्हणजे रील, आणि ती तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहिती आहे. पार्सल येतं, शूट करता, पेड पार्टनरशिपचं, म्हणजे ब्रँडकडनं मोबदला घेतलाय हे सांगणारं, लेबल लावून टाकता, चार दिवस बघतात लोक, पाचव्या दिवशी ती रील खाली सरकलेली असते. लातूरच्या ट्यूशन एरियात मेसच्या ताटाचे व्हिडिओ टाकणारं पोरगंसुद्धा हे करतंय, त्यात शिकवण्यासारखं काही नाही. लेबलबद्दल तेवढं एक सांगतो कारण "पैसे कुठं घेतले, नुसतं गिफ्ट आलं होतं" हे ऐकून कान किटलेत. ग्राहक व्यवहार विभागाच्या जानेवारी २०२३ च्या सूचनांत फुकट वस्तू, सहल, सूट, सगळं मोबदल्यातच धरलंय, आणि बोलणं मराठीत असेल तर खुलासा पण मराठीतच हवा. वीस हॅशटॅगच्या गर्दीत सतराव्या नंबरला बारीक 'ॲड' लिहिणारे तर माझ्या डोक्यातच जातात. असो.

दुसरी वस्तू म्हणजे तुमचं तोंड. मेलात त्याला 'युसेज राइट्स' म्हणजे वापरहक्क म्हणतात म्हणून ते काहीतरी कागदोपत्री वाटतं. साधा अर्थ असा की रील तुमच्या पेजवर टाकून झाल्यावर तोच व्हिडिओ कंपनी स्वतःचे पैसे लावून जाहिरात म्हणून चालवणार, वेबसाइटवर लावणार, दुकानातल्या बॅनरवर छापणार. पहिल्या सौद्यात तुमचं तोंड तुमच्या दारात होतं, दुसऱ्यात ते त्यांच्या दारात बांधलेलं असतं. शेताच्या भाषेत सांगायचं तर रील म्हणजे एका हंगामापुरतं बटईनं दिलेलं रान, पीक निघालं की रान परत. वापरहक्क मुदत न घालता दिले तर मात्र बटईदाराचं नाव सातबाऱ्यावर चढवून दिल्यासारखं आहे, आणि तेही बटईच्याच पैशात.

आमच्या दाजींचं सांगतो. औसा तालुक्यात शेती आहे, सोयाबीन-तुरीचे व्हिडिओ टाकतात, फॉलोअर लई नाहीत पण आसपासच्या चाळीस गावांत माणूस ओळखतो. २०२३ च्या खरिपात एका कंपनीनं सोयाबीनच्या फुलोऱ्यात मारायच्या टॉनिकची रील करून घेतली, आठ हजार रुपये. दाजींनी आधी स्वतःच्या दोन एकरांत मारून बघितलं, बरं वाटलं, मग प्रामाणिकपणे सांगितलं की मला फरक दिसला. मेलला उत्तर काय दिलं, तर "ओके सर". एवढंच. करार, मुदत, काही नाही.

दोन वर्षांनी एक गडी बांधावर येऊन उभा राहिला, हातात रिकामी बाटली. म्हणला, "दाजी, तुमच्या शब्दावर मारलं, पानं करपली." दाजी म्हणले मी कधी सांगितलं? त्यानं मोबाइल काढून दाखवला, जाहिरात कालचीच, तोंड दाजींचं, आवाज दाजींचा, फक्त मधली "आधी थोड्या रानात मारून बघा" ही ओळ कापलेली. आणि बाटलीवरचं लेबल दाजींनी मारली होती त्या बाटलीचं नव्हतंच, नाव तेवढं तेच. मला रात्री फोन आला तर पहिलं वाक्य, "अरे लोक मला शिव्या द्यायलेत आणि मी तर काहीच केलं नाही." खरंच काही केलं नव्हतं. म्हणजे करायचं ते केलं नव्हतं.

आता इथं सगळे एकच म्हणतात, "पण व्हिडिओ माझा, मोबाइल माझा, रान माझं, मग हक्क माझाच ना?" ह्याच जागी सगळे आपटतात. कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे, त्यातलं कलम १७ सांगतं की कुणी मोबदला देऊन स्वतःसाठी फोटो काढून घेतला किंवा फिल्म करून घेतली, तर दुसरं काही ठरलेलं नसेल तर पहिला मालक तो करून घेणारा. लग्नाचा फोटोग्राफर आठवा, कॅमेरा त्याचा पण ऑर्डर देऊन काढून घेतलेले फोटो लग्नघराचे. ब्रँडनं पैसे देऊन सांगून करून घेतलेल्या रीलवर कंपनीचा वकील नेमकं हेच बोट ठेवणार. म्हणजे कागद गप्प असला तर तो तुमच्या बाजूनं गप्प आहे असं समजू नका.

बरं, कागद केला आणि त्यात हक्क लिहून दिले पण मुदतच लिहिली नाही तर? त्याच कायद्याच्या कलम १९ प्रमाणे ती पाच वर्षं धरतात, आणि कुठल्या भागासाठी ते लिहिलं नसेल तर सगळा भारत. तुमच्या मनात दिवाळीपर्यंत असतं, कायद्याच्या मनात पाच वर्षं. आणि मेलात 'परपेच्युअल' हा शब्द दिसला तर तो नुसता जड इंग्रजी शब्द म्हणून सोडू नका, त्याचा अर्थ कायमचं. आठ हजारात कायमचं!

पाच वर्षांत काय काय बदलतं ते पण बघा. रमी आणि फँटसी ॲपच्या रील कितीतरी पोरांनी केल्या, २०२५ मध्ये पैशाच्या ऑनलाइन गेमवर बंदीचा कायदा आला आणि त्यात जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड, नाहीतर दोन्ही. शेतीतली टॉनिकं म्हणजे बायोस्टिम्युलंट, ती २०२१ मध्ये खत नियंत्रण आदेशाखाली आली, आणि तात्पुरत्या नोंदणीवर विकायची मुदत जून २०२५ मध्ये संपली. माल बाजारातून जातो, नियम बदलतो, कंपनीचा मालक बदलतो, तुमचं तोंड मात्र जुन्या जाहिरातीत तसंच हसत असतं.

आता ह्याच्या पोटात अजून एक फरक आहे आणि तो धंद्यातल्या जुन्या लोकांना पण पटकन सांगता येत नाही. वापरहक्क देण्याचे रस्ते दोन. एकात तुम्ही इन्स्टावरच परवानगी देता, पेड पार्टनरशिपच्या सेटिंगमध्ये ब्रँडला रील बूस्ट करू द्यायचं, म्हणजे पैसे लावून जास्त लोकांना दाखवू द्यायचं, बटण आहे, किंवा ते ॲड कोड मागतात, म्हणजे त्याच परवानगीचा नंबर. जाहिरात पैसे त्यांचे पण तुमच्या नावानं फिरते, म्हणून कमेंटमधल्या शिव्या पण तुम्हालाच, तरी एक बरंय की बटण तुमच्या हातात राहतं, मुदत संपली की बंद करता येतं. दुसऱ्या रस्त्यात ते म्हणतात, "मूळ फाइल ड्राइव्हवर टाका ना, टीमला बघायची आहे." ही फाइल गेली की विषय संपला. ती कापतील, जोडतील, स्वतःच्या पेजवरनं चालवतील, डीलरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतील, आणि तुमच्याकडं दाबायला एक पण बटण नाही. दाजींनी फाइलच पाठवली होती, ती पण न कापलेली. मी तर म्हणतो बटण द्या, फाइल देऊ नका, आणि द्यावीच लागली तर एडिट करून नावासकट द्या. ह्यावर माझ्याशी वाद घालणारे मित्र आहेत, त्यांचं म्हणणं की फाइलचे पैसे जास्त मिळतात. मिळतात. घर विकल्यावर पण भाड्यापेक्षा जास्तच मिळतात.

हल्लीच्या करारात एआयची एक ओळ पण यायलीय, की तुमचा आवाज-चेहरा वापरून नवीन कंटेंट बनवू. अरिजित सिंगच्या आवाजाची एआयनं नक्कल करणाऱ्यांना मुंबई हायकोर्टानं २०२४ मध्ये रोखलं हे सगळे मला ऐकवतात. बरोबर आहे, पण त्यानं कुठं सही करून दिली होती? ती ओळ सरळ खोडायची, त्यात घासाघीस नको.

मग ब्रँड निवडायचा कसा? लोक फॉलोअर बघतात, पॅकिंग बघतात, कुठली हिरॉइन त्यांची जाहिरात करते ते बघतात. मी एकच बघतो, मेटाची, म्हणजे फेसबुक-इन्स्टावाल्या कंपनीची, ॲड लायब्ररी. सगळ्यांना उघडी आहे, फुकट. कंपनीचं नाव टाकलं की तिच्या चालू जाहिराती दिसतात आणि कुठली कधी सुरू झाली ती तारीख पण दिसते. त्यात तुमच्यासारख्याच पोरापोरींचे चेहरे किती, वर्षभर तोच चेहरा चालू आहे का, वाक्यं मध्येच कापल्यासारखी वाटतात का, हे दहा मिनिटांत कळतं. मग त्यातल्याच एखाद्याला मेसेज टाका की बाबा, पैसे किती दिवसांनी आले आणि मुदत किती ठरली होती. जो ब्रँड दुसऱ्याच्या तोंडाशी असा वागतो तो तुमच्याशी वेगळा वागणार नाही.

भावाचं म्हणाल तर मी रीलचे पैसे आणि वापराचे पैसे दोन ओळीत मागतो, एका आकड्यात कधीच नाही. वापराचे दर तीस दिवसांना रीलच्या पैशाच्या तीस टक्के, ही माझी आपली पद्धत, तुम्ही तुमची ठरवा, पण शून्य ठरवू नका. मेसेज असा जातो: "सर, रील दहा हजार. जाहिरातीत वापरायची असेल तर साठ दिवस, फक्त इन्स्टा आणि फेसबुक, वाक्यं न कापता, त्याचे सहा हजार वेगळे. बॅनर-छपाई नाही." उत्तर एक तर येतं की ठीक आहे, नाहीतर येतं की बाकीचे तर फुकट देतात. दुसरं उत्तर आलं की मी चहा ठेवतो आणि फोन बाजूला ठेवतो. तिकडं बाकीच्या स्पर्धक कंपन्यांचं काम करायचं नाही अशी अट असली तर तिला पण महिन्याच्या हिशेबानंच पैसे, त्यात वेगळं काही नाही.

आधीच "ओके सर" म्हणून बसलेल्यांनी काय करायचं, तर मेलच करायचा. आम्ही दाजींकडनं चार ओळींचा करून घेतला, की रील अमुक तारखेच्या मालाबद्दल होती, आताचं लेबल वेगळं आहे, वाक्य कापलंय, जाहिरात थांबवा. भांडण नाही, वकील नाही. आठ दिवसांनी ऑनलाइन जाहिरात थांबली, कदाचित त्यांना पण ती जुनी झाली होती. त्याच दिवशी दाजींनी स्वतःच्या पेजवर नवा व्हिडिओ टाकला, दोन्ही लेबलं शेजारी धरून, आणि तो गडी पण शेजारी उभा.

छापलेले बॅनर मात्र कोण गोळा करणार. परवा दाजींच्या गावाहून येताना एका वस्तीवर कडब्याची गंजी दिसली, वर पावसासाठी बॅनर पांघरलेला, चार कोपऱ्यांना दगड, आणि मधोमध दाजी, हातात बाटली.