इंग्रजी विशेषणांची गल्लत

दिसायला सारख्या, पण अर्थाने वेगळ्या असलेल्या इंग्रजी विशेषणांची अदलाबदल. स्पर्धा परीक्षांत अशा जोड्या हमखास येतात. पुण्यात अप्पा बळवंत चौकात मिळणाऱ्या व्याकरणाच्या गाइडांत त्यांचे तक्ते असतात. तक्ता पाठ करून गल्लत फारशी जात नाही. तिचे मूळ पुष्कळदा मराठीत असते: इंग्रजीला दोन शब्द लागतात तिथे आपले एकावर भागते.

ठळक उदाहरण ‘ऐतिहासिक’चे. इतिहासात ज्याला महत्त्व आहे ते ‘हिस्टॉरिक’. इतिहासाशी नुसता संबंध आहे ते ‘हिस्टॉरिकल’. १७३२ साली वास्तुशांत झालेला शनिवारवाडा हिस्टॉरिक, पेशवे दप्तरातली जमाखर्चाची एखादी किरकोळ नोंद हिस्टॉरिकल. आज लागलेला निकालही हिस्टॉरिक असू शकतो. मराठीत तिन्ही ऐतिहासिकच.

‘क्लासिक’ आणि ‘क्लासिकल’ यांत गुंता जास्त. सवाई गंधर्व महोत्सवात गायले जाते ते क्लासिकल, म्हणजे शास्त्रीय. पण ‘शास्त्रीय दृष्टिकोन’ म्हटले की इंग्रजीत एकदम ‘सायंटिफिक’. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला मिळालेला अभिजात भाषेचा दर्जा इंग्रजीत क्लासिकल, आणि अभिजात कादंबरी मात्र क्लासिक.

‘इकॉनॉमिक’ म्हणजे आर्थिक, ‘इकॉनॉमिकल’ म्हणजे किफायतशीर. गोखले संस्थेत १९३० पासून अभ्यास होतो तो इकॉनॉमिक प्रश्नांचा. तिथे रिक्षाऐवजी बसने जाणे इकॉनॉमिकल.

‘बोअर’ने मात्र मराठीत येऊन वेगळाच घोळ घातला. लेक्चर बोअर असते आणि ऐकणाराही बोअर होतो. इंग्रजीत कंटाळा आणणारा ‘बोअरिंग’, कंटाळलेला ‘बोअर्ड’. त्यामुळे ‘आय ॲम बोअरिंग’ म्हणणारा विद्यार्थी वर्गाला दोष द्यायला जातो आणि स्वतःचीच तक्रार करून बसतो. ‘इंटरेस्टिंग’ व ‘इंटरेस्टेड’चे तेच.

‘एल्डर’ घरातल्या थोरल्या भावंडासाठी. तुलनेच्या ‘दॅन’आधी ‘ओल्डर’च.

‘डिसइंटरेस्टेड’ म्हणजे निःपक्ष, ‘अनइंटरेस्टेड’ म्हणजे रस नसलेला, असा भेद शिकवतात. वाद घालायचाच तर, सतराव्या शतकात ‘डिसइंटरेस्टेड’ हा शब्द ‘रस नसलेला’ या अर्थानेही वापरात होता आणि आजचे कोश तोही अर्थ नोंदवतात. परीक्षेत मात्र ‘निःपक्ष’वरच खूण करावी.