गणिताची तासिका रोज पहिलीच का नसते?

जूनमध्ये शाळा सुरू झाली की पहिल्या आठवड्यात वेळापत्रक फळ्यावरून वहीच्या शेवटच्या पानावर उतरतं आणि संध्याकाळपर्यंत त्याचा फोटो पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येतो. यंदा आमच्या ग्रुपवर सातवीचं वेळापत्रक आलं आणि रात्रीपर्यंत मेसेज थांबेनात. "गणित शेवटच्या तासिकेला? तोवर पोरं पेंगलेली असतात." "आठवीला सोमवारी पहिली तासिका गणिताची, मग सातवीनं काय घोडं मारलंय?" शेवटी गाडी वेळापत्रक करणाऱ्या बाईंवर आली. त्यांनी म्हणे मर्जीतल्या शिक्षकांना सोयीच्या तासिका दिल्या.

माझी आई शाळेत वेळापत्रक करायची. दरवर्षी मे महिन्यात आमच्या घरी जेवणाच्या टेबलावर ड्रॉइंग शीट पसरलेली असायची, त्यावर फूटपट्टीनं आखलेली घरं, एक टोक काढलेली पेन्सिल आणि दोन खोडरबर. म्हणून हे मेसेज वाचून मला राहवलं नाही. त्या कागदामागे खरंखुरं, सिद्धतेसकट असलेलं गणित आहे आणि ते पालकांना कुणी सांगत नाही.

आधी साधी मोजणी करू. शिक्षण हक्क कायदा २००९ नुसार सहावी ते आठवीच्या वर्गांना वर्षाला किमान २२० दिवस आणि १००० घड्याळी तास अध्यापन हवं. (पहिली ते पाचवीला २०० दिवस आणि ८०० तास.) भागाकार केला तर रोज साधारण ४ तास ३३ मिनिटं निव्वळ शिकवणं. परिपाठ, मधली सुट्टी वेगळी. आता एक शाळा घ्या. सोमवार ते शुक्रवार आठ तासिका, शनिवारी अर्धी शाळा म्हणून पाच. आठवड्याला ४५. तासिका ३५ मिनिटांची धरली तर २२० दिवसांत साधारण ९६२ तास भरतात. म्हणजे ३८ तास कमी. रोजच्या पहिल्या दोन तासिका चाळीस मिनिटांच्या केल्या की ही तूट जवळजवळ भरून निघते. सुरुवातीच्या तासिका पाच मिनिटांनी मोठ्या का असतात, याचं एक कारण हजेरी घेण्यात जाणारा वेळ. दुसरं कारण हे.

आता त्याच कायद्यातली शिक्षकांची अट बघा. सहावी ते आठवीसाठी विज्ञान-गणिताला एक, सामाजिक शास्त्रांना एक आणि भाषेला एक, असे किमान तीन शिक्षक. पट कमी असेल, संचमान्यतेत, म्हणजे शाळेला किती शिक्षकपदं ते ठरवणाऱ्या सरकारी मंजुरीत, जादा पद मिळालं नसेल, तर तिन्ही वर्गांना गणित शिकवणारी व्यक्ती एकच. समजा प्रत्येक वर्गाला आठवड्यात गणिताच्या सात तासिका आहेत. एकूण २१. आणि आठवड्यात पहिल्या तासिका किती? सहा वार, सहा. त्या तीन वर्गांत वाटल्या तर प्रत्येकाच्या वाट्याला दोन. उरलेल्या पाच तासिका दिवसात आणखी कुठेतरी जाणारच. सहा खुराडी आणि एकवीस कबुतरं. यात मर्जी नाही, पक्षपात नाही. मुख्याध्यापक बदलले तरी हा भागाकार बदलत नाही. त्याच शिक्षकांकडे विज्ञानाच्याही सात-सात तासिका असतील तर त्यांच्या ४५ पैकी ४२ भरल्या. त्यांना आठवड्याभरात मोकळ्या तासिका उरतात फक्त तीन.

बरं, गणित दुपारी आलं म्हणून नेमकं किती बिघडतं? डेन्मार्कमधल्या शाळांत मुलांच्या सुमारे वीस लाख चाचण्यांचा अभ्यास झाला, तो २०१६ साली प्रसिद्ध झाला. चाचणी दिवसात जितकी उशिरा तितके गुण कमी, हे खरं निघालं. पण किती कमी? दर तासाला प्रमाण विचलनाच्या ०.९ टक्के. वर्गातल्या मुलांचे गुण सरासरीच्या आसपास जेवढे पसरलेले असतात, त्या पसाऱ्याचं माप म्हणजे प्रमाण विचलन. शंभर गुणांच्या चाचणीत ते पंधरा गुण धरलं, तर एका तासाचा उशीर म्हणजे ०.१३५ गुण. एक अष्टमांश गुणाच्या जवळपास! आणि चाचणीच्या आधी वीस ते तीस मिनिटांची सुट्टी मिळाली तर गुण प्रमाण विचलनाच्या १.७ टक्क्यांनी वर गेले. म्हणजे एक सुट्टी जवळपास दोन तासांचा उशीर भरून काढते. हा अभ्यास चाचणीतल्या गुणांचा आहे, वर्गात शिकण्याचा नाही, एवढं ध्यानात ठेवायला हवं. तरीही मला विचाराल तर मी गणित सकाळी मागण्याऐवजी ते मधल्या सुट्टीनंतर लगेच मागेन, आणि ती सुट्टी मुलांना पूर्ण मिळते की रांगेत हात धुण्यातच संपते, हे आधी बघेन.

याच ग्रुपवर एकानं सल्ला दिला की गणितानंतर लगेच चित्रकला ठेवा, म्हणजे डावा मेंदू दमला की उजवा कामाला लागतो. हे चूक आहे. मेंदूच्या दोन अर्धगोलांची कामं काही बाबतीत वेगळी असतात, हे रॉजर स्पेरी यांनी दाखवलं, त्यांना १९८१ चं नोबेलही मिळालं. पण त्यांचे रुग्ण असे होते, ज्यांच्या दोन अर्धगोलांना जोडणारा पूल अपस्मारावरच्या उपचारासाठी कापलेला होता. तुमच्या-माझ्या मुलांच्या डोक्यात तो पूल शाबूत असतो, त्यात सुमारे वीस कोटी तंतू असतात आणि गणित करताना, चित्र काढताना दोन्ही बाजू काम करत असतात. याच गैरसमजावर बोटांचे ठसे घेऊन 'तुमचं मूल कुठल्या मेंदूचं' ते सांगणाऱ्या चाचण्या हजारो रुपयांना विकल्या जातात. बोटांवरच्या रेषा आईच्या पोटात असतानाच पक्क्या होतात. सातवीतलं मूल अपूर्णांक कसे शिकेल, हे त्या सांगू शकत नाहीत. कृपा करून त्यावर पैसे घालवू नका.

वेळापत्रकात खरोखर फरक पाडणारी गोष्ट वेगळी आहे. एकाच विषयाच्या तासिका आठवडाभर पसरलेल्या असणं. १८८५ साली हेर्मान एबिंगहाउस यांनी स्वतःवरच प्रयोग केले. निरर्थक अक्षरांच्या ओळी ते पाठ करायचे. त्यांना आढळलं की एका बैठकीत ६८ वेळा घोकून जेवढं साधतं, तेवढंच तीन दिवसांत विभागलेल्या ३८ आवर्तनांत साधतं. तेव्हापासून हा परिणाम पुन्हा पुन्हा तपासला गेला आणि टिकला. इंग्रजीच्या सगळ्या तासिका सोमवार-मंगळवारी कोंबलेलं वेळापत्रक वाईट, मग त्या सकाळच्या का असेनात.

आता मला ज्याच्यासाठी हा लेख लिहावासा वाटला तिथे येतो. आईचा खोडरबर.

वेळापत्रक भरताना पहिली सत्तर-ऐंशी टक्के घरं भराभर भरतात. नंतर अडतं. मंगळवारचं एक उदाहरण घ्या. आठवीवर विज्ञानाची एक तासिका लावायची राहिली आहे. विज्ञानाच्या बाई तिसऱ्या तासिकेला मोकळ्या आहेत, पण तेव्हा आठवीवर हिंदीचे सर आहेत. आठवी पाचव्या तासिकेला मोकळी आहे, पण तेव्हा बाई सहावीवर आहेत. दोघांची मोकळी वेळ जुळत नाही.

आई काय करायची? विज्ञान सरळ तिसऱ्यात लिहायची. मग हिंदीच्या सरांना तिथून उचलून आठवीच्याच पाचव्या तासिकेला न्यायची. पण पाचव्यात हिंदीचे सर सातवीवर होते. मग सातवीचं हिंदी तिसऱ्यात. पण तिसऱ्यात सातवीवर गणिताचे सर होते. ते सातवीच्याच पाचव्यात. आणि पाचव्यात गणिताचे सर मोकळे! साखळी संपली. सगळे जागेवर बसले. सहावीला धक्काही लागला नाही.

ही साखळी दरवेळी संपेलच असं कशावरून? ती फिरून विज्ञानाच्या बाईंकडेच आली तर? इथेच ती सुंदर गोष्ट आहे. साखळीत आपण प्रत्येक शिक्षकापर्यंत पोचतो ते त्याच्या तिसऱ्या तासिकेमुळे: ज्या वर्गाची तिसरी तासिका आपण घेतली, तिथे जो होता तो. विज्ञानाच्या बाई तर तिसऱ्या तासिकेला मोकळ्याच होत्या, त्या कुठेच नव्हत्या. म्हणून साखळी त्यांच्याकडे परतूच शकत नाही. तसंच प्रत्येक वर्गापर्यंत आपण पोचतो ते पाचव्या तासिकेमुळे, आणि आठवी पाचव्यात मोकळी होती. म्हणून साखळी आठवीकडेही परतत नाही. मधल्या प्रत्येक शिक्षकाची आणि वर्गाची तिसऱ्यात एकच तासिका, पाचव्यात एकच. त्यामुळे एकाच ठिकाणी दोनदा जाणं शक्य नाही. शिक्षक मोजके, वर्ग मोजके. साखळी कुठेतरी मोकळ्या घरापाशी थांबायलाच हवी.

या युक्तिवादातून एक प्रमेय हाती येतं. कुठल्याही वर्गाला आणि कुठल्याही शिक्षकाला ४५ पेक्षा जास्त तासिका नसतील, तर ४५ तासिकांत सगळं वेळापत्रक बसतंच. नेहमी. हंगेरीच्या देनेश क्योनिग यांनी १९१६ साली ते सिद्ध केलं. त्यांनी ते आलेखांच्या भाषेत मांडलं होतं. एका बाजूला शिक्षकांचे ठिपके, दुसऱ्या बाजूला वर्गांचे, प्रत्येक तासिका म्हणजे त्यांना जोडणारी रेघ, आणि रेघांना असे रंग द्यायचे की एका ठिपक्यावर एक रंग दोनदा येऊ नये. रंग म्हणजे आपली तासिका क्रमांक एक, दोन, तीन. किती रंग लागतील? ज्या ठिपक्यावर सर्वांत जास्त रेघा, तेवढेच. क्योनिग यांनी १९३६ साली आलेख सिद्धान्तावरचं पहिलं पाठ्यपुस्तक लिहिलं. आईनं क्योनिग हे नाव कधी ऐकलं नव्हतं. मी अभियांत्रिकीला असताना तिला ही सिद्धता समजावली, तर ती म्हणाली, "हे तर रोजचंच आहे, पण मोकळं घर सापडणारच हे मला ठाऊक नव्हतं. मी घाबरत घाबरत खोडायची."

मग वेळापत्रक करणं इतकं जिकिरीचं का? कारण क्योनिग यांच्या जगात कुठलाही शिक्षक कुठल्याही तासिकेला चालतो. शाळेत तसं नसतं. चित्रकलेचे सर दोन शाळांत मिळून एक आहेत, ते बुधवार आणि शुक्रवारीच येतात. प्रयोगशाळा एक. मैदान एक, आणि तिथे उन्हाळ्यात शेवटच्या तासिकेला पाय टाकवत नाही. विज्ञानाला जोडतासिका हवी. कुणाची एसटी दहा चाळीसला पोचते. अशी प्रत्येक अट साखळीतला एखादा दुवा बंद करते. हिंदीच्या सरांना पाचव्यात हलवायचं आणि तेव्हा ते नेमके उपलब्ध नाहीत, की साखळी तिथेच तुटते आणि सिद्धताही तुटते.

ही नुसती अडचण नाही. इथे प्रश्नाची जातच बदलते. १९७६ साली शिमॉन इवेन, अलोन इताई आणि आदी शामीर यांनी दाखवलं की शिक्षक ठरावीक वेळीच उपलब्ध असतील, तर वेळापत्रक बसेल की नाही हे ठरवणं हा एनपी-पूर्ण वर्गातला प्रश्न आहे. म्हणजे असा प्रश्न, जो दर वेळी झटपट सोडवणारी पद्धत आजवर कुणाला सापडलेली नाही, आणि सापडली तर त्या वर्गातले हजारो इतर प्रश्नही तिनंच सुटतील. सगळ्या शक्यता तपासून बघू म्हटलं तर? आठ वेगवेगळे विषय आठ तासिकांत ४०,३२० प्रकारे लावता येतात. तीन वर्गांचा एकच दिवस घेतला तर ही संख्या होते सुमारे ६५ लाख कोटी. सेकंदाला दहा लाख वेळापत्रकं तपासणारा संगणक नुसत्या मंगळवारात दोन वर्षं अडकून पडेल.

'कृत्रिम बुद्धिमत्तेनं बनवलेलं अचूक वेळापत्रक' अशा जाहिराती हल्ली शाळांकडे येतात. संगणकाची मदत जरूर घ्यावी. मोठ्या शाळेत वीस तुकड्या असतील तर ती लागतेच. पण तो आत करतो ते बव्हंशी आईचंच काम: अदलाबदल करून बघायची, अडचणींना गुण द्यायचे, कमी अडचणींचं ठेवायचं, पुन्हा अदलाबदल. अचूकतेची हमी अशा प्रश्नात सहसा कुणी देऊ शकत नाही. आणि कुठली अट मोडली तरी चालेल आणि कुठली नाही, हे त्याला माणसानंच सांगावं लागतं.

आता त्या तीन मोकळ्या तासिकांकडे परत येतो. साखळी जिथे थांबते ते ठिकाण म्हणजे कुणाची तरी मोकळी तासिका. आपल्या उदाहरणात गणिताचे सर पाचव्यात मोकळे नसते तर साखळी आणखी लांबली असती, आणखी दोन-तीन वर्ग ढवळून निघाले असते, आणि अटींच्या जंगलात कुठेतरी तुटलीही असती. शिक्षकाच्या पत्रकातल्या मोकळ्या घराला पालक आराम समजतात आणि कार्यालयं तिथे माहिती भरायचं काम टाकतात. त्याच घरात वह्या तपासल्या जातात, कुणी रजेवर गेलं की त्याच घरातून बदली तासिका निघते, आणि निवडणुकीच्या कामाला दोन शिक्षक एकदम गेले की शाळा त्याच घरांवर चालते. आठवड्याला ४२ तासिका घेणाऱ्या शिक्षकाकडे अशी घरं तीन आहेत. ग्रुपवर मी दुसऱ्या दिवशी एवढंच विचारलं, की गणिताचे सर आपल्या शाळेत एकच का आहेत आणि दुसरं पद मंजूर व्हायला पट किती लागतो. त्यावर आता शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत बोलायचं ठरलंय, शनिवारी, शाळा सुटल्यावर.