रेट बदलणं वेगळं अन् रिसॅम्पल करणं वेगळं (बुवांचा आवाज काहून बसला?)

अंबाजोगाईजवळच्या आमच्या गावात सप्ताह होता, काल्याचं कीर्तन मी रेकॉर्डरवर घेतलं, बरोबर दोन तास झाले अन् आरतीच्या आधीच बॅटरी गेली, फाईल नीट बंद झालीच नाही. मंग घरी येऊन ऑडॅसिटी नावाच्या आवाज-एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमधी रॉ डेटा (निसते आकडे) म्हणून उघडली अन् ऐकतो तर काय, बुवा तापानं फणफणल्यासारखे बोलतायत, पखवाज ओल्या पोत्यावर थाप मारल्यासारखा, अन् पेटी कुठल्याच पट्टीला लागेना. काळी दोन धरली होती हे मला पक्कं माहीत, ऐकू येत होतं ते पांढरी दोन आणि काळी एकच्या मधलं कायतरी. लांबी 2 तास 10 मिनिटं 37 सेकंद!

झालं असं की रेकॉर्डर सेकंदाला 48000 सॅम्पल, म्हणजे आवाजाची मोजमापं, घेत होता (हाच 'रेट') अन् उघडताना मी 44100 तसंच ठेवलं. रॉ फाईलमधी रेट लिहिलेलाच नसतो, तुम्ही सांगाल तो ती मानते.

इथंच लोक गोंधळतात, मी पण गोंधळलो. धान्याच्या कट्ट्यावर (पोत्यावर) लिहिलेला आकडा खोडून दुसरा लिहिणं वेगळं, अन् कट्टा सोडून नव्या मापानं मोजून भरणं वेगळं. ट्रॅकच्या नावाजवळच्या मेनूत जो 'रेट' बदलतो ना, तो निसता आकडा बदलतो, सॅम्पल तेच राहतात, म्हणून वेग अन् पट्टी दोन्ही हालतात. 'ट्रॅक्स' मेनूतलं 'रिसॅम्पल' मात्र सॅम्पल नव्यानं काढतं, 48000 चं 44100 करताना दर 160 च्या जागी 147, अन् ऐकायला काहीच बदलत नाही.

म्हणजे आवाजच बिघडलेला असेल तर आकडा चुकलाय, रेट दुरुस्त करा, तिथं रिसॅम्पल करून घंटा फरक पडत नाही. आवाज चांगलाय पण जुन्या सीडीतला 44100 चा अभंग 48000 च्या व्हिडिओत घालायचाय, तर रिसॅम्पल. कोड लिहिणाऱ्यांनी तर फाईलचा रेट आधी वाचावाच, 44100 चे सॅम्पल सरळ 48000 च्या आउटपुटला ढकलले की बुवांचं लेकरू होतं. एफएफएमपेग ह्या कमांडवर चालणाऱ्या ऑडिओ-व्हिडिओ टूलमधी पण 'असेटरेट' म्हणजे आकडा, 'अरिसॅम्पल' म्हणजे खरी मोजणी.

अन् रिसॅम्पल म्हणजे अधूनमधून सॅम्पल गाळणं नाही हां. भाषण ओळखणाऱ्या मॉडेलसाठी 48000 चं 16000 करायचं म्हणून कोणी दर तिसरा सॅम्पल उचलतं, सोपं वाटतं, पण 16000 मधी 8000 हर्ट्झच्या वरचं मावतच नाही, ते खाली दुमडून येतं. टाळाची 10000 हर्ट्झची किणकिण 6000 वर येऊन बसते अन् बुवांच्या 'स'ला चिटकते, मंग मागाहून काही केलं तरी निघत नाही. म्हणून आधी वरचं फिल्टरनं कापायचं, मंगच गाळायचं. चांगली लायब्ररी (तयार कोड) हे आपोआप करते, घरगुती लूप करत नाही.

मी तर घाईत आधी 48000 ला रिसॅम्पल करून मोकळा झालो होतो. त्यानंतर रेटच्या खान्यात 48000 काय टाकता, ते तर तिथं होतंच, पण संथ झालेला आवाजच नव्यानं मोजला गेला, म्हणून आता बुवांचा खरा आवाज 52245 वर यायला लागला. असला आकडा कोणत्या मशीनचा असतो? गपचूप कंट्रोल झेड दाबलं.